पद्मिनीच्या दरवाज्यातला वारा आणि पाणी: रबर सगळ्यात शेवटी

जून तोंडावर आला की जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी सांभाळणाऱ्यांची एकच धावपळ सुरू होते: दरवाज्यांच्या रबरांचा नवा सेट कुठे मिळेल? गेल्या पावसाळ्यात पायाखालचं कार्पेट भिजलेलं असतं, हायवेवर शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागलेला असतो, आणि दोन्हीचा दोष डोळ्यांसमोर दिसणाऱ्या त्या कडक, भेगाळलेल्या काळ्या रबरावर येतो. सेट येतो, बसतो. मग दरवाजा आपटल्याशिवाय लागत नाही, वाऱ्याची शिट्टी पूर्वीसारखीच वाजते आणि पहिल्या मोठ्या सरीनंतर कार्पेट पुन्हा ओलं होतं.

रबर म्हातारं झालेलं असतं हे खरं. पण रबराचं काम फट भरण्याचं. फट किती आहे, कुठे आहे आणि कशामुळे पडली आहे हे कळण्याआधी रबर विकत घेणं म्हणजे माप न घेता कापड फाडणं. शिवाय वारा आणि पाणी एकाच दरवाज्यातून आत येत असले तरी त्यांच्या वाटा वेगळ्या आणि कारणंही वेगळी. पाणी उतारानं खाली येतं. वारा दाबाच्या फरकानं ओढला जातो. एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. हा लेख त्या दोन वाटा समजून घेण्यासाठी आहे. उदाहरण पद्मिनीचं घेतलं आहे, कारण कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी महाराष्ट्रात अजूनही कित्येक घरांत जिवापाड जपली जाते. अँबेसेडर असो, हेराल्ड असो की जुनी मर्सिडीज, तत्त्व तेच राहतं.

गाडीची घडण

इटलीत १९५३ साली आलेली फियाट ११००-१०३ ही या घराण्याची मूळ गाडी. तिच्या सुरुवातीच्या रूपात पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले होते. आपल्याकडे तिलाच लाडानं 'डुक्कर फियाट' म्हणतात. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' आणली, तिचे पुढचे दरवाजे आज आपण बघतो तसे सरळ उघडणारे. तीच गाडी १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

या इतिहासातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, या गाडीला वेगळी चॅसिस नाही. फ्लोअर, दरवाज्याखालच्या पेट्या, खांब आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. म्हणजे आत साचलेलं पाणी फक्त कार्पेट खराब करत नाही, ते गाडीचा कणा खातं. दुसरी, आराखडा १९५० च्या दशकातला. छताच्या कडेनं बाहेर आलेली पन्हळ, पुढच्या दरवाज्यात उघडणारी त्रिकोणी क्वार्टर ग्लास, चौकटीला पट्टीच्या रबरात बसवलेली पुढची काच. आजच्या गाड्यांत दरवाज्याला दोन-तीन पदरी रबर असतं. इथे एका पदरावरच सगळी भिस्त. त्यामुळे तो एक पदर सगळीकडे नीट टेकला पाहिजे.

वेग वाढला की काय होतं

उभ्या गाडीत दरवाजा घट्ट लागलेला असतो, कागदसुद्धा आत जात नाही. तरी ऐंशीच्या वेगाला शिट्टी वाजते. असं कसं?

गाडी पुढे जाते तेव्हा समोरची हवा पुढच्या काचेवर आदळते, दोन्ही बाजूंना वळते आणि काचेच्या कडेच्या खांबाला वळसा घालून दरवाज्याच्या काचेवरून मागे पळते. या वळणावर हवेचा वेग गाडीच्या वेगापेक्षाही जास्त होतो, आणि हवा जिथे वेगानं वाहते तिथे दाब कमी होतो. गाडीच्या आतली हवा मात्र जवळपास स्थिर. म्हणजे आत जास्त दाब, बाहेर कमी. आतली हवा दरवाज्याची काच आणि तिच्याभोवतीची पातळ चौकट बाहेर ढकलते.

हा जोर किती असतो? ताशी ८० किलोमीटरला वाहत्या हवेचा दाब साधारण ३०० पास्कल, म्हणजे एक चौरस मीटरवर ३० किलो वजन ठेवल्याइतका. ४० च्या वेगाला तोच जेमतेम साडेसात किलो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. पुढच्या दरवाज्याच्या काचेचं आणि चौकटीचं क्षेत्रफळ त्याहून बरंच कमी असलं, तरी हायवेवर त्या चौकटीच्या वरच्या भागावर काही किलोंचा बाहेरचा ताण सतत असतो. पद्मिनीच्या दरवाज्याला खाली कुलूप आणि बिजागरी आहे, वरच्या चौकटीला धरणारं काहीच नाही. ती एक-दोन मिलिमीटर बाहेर झुकते. रबर मुळातच जेमतेम टेकलेलं असेल तर तेवढ्यानं ते सुटतं आणि आतली हवा त्या बारीक फटीतून बाहेर धावते. तोच सूऽऽ आवाज.

म्हणून उभ्या गाडीत रबर नुसतं टेकून चालत नाही. ते दबलेलं असावं लागतं, म्हणजे चौकट थोडी बाहेर गेली तरी रबर फुगून तिच्या मागे जातं. जुन्या रबरात नेमकी हीच ताकद संपलेली असते. वर्षानुवर्षं दबून राहिलेलं रबर सोडलं तरी मूळ जाडीवर येत नाही. वरून ते काळं, अखंड दिसतं, पण त्यातला जीव गेलेला असतो. बोटानं दाबा आणि सोडा. लगेच वर आलं नाही तर निकाल लागला.

वाऱ्याचा आवाज वेगासोबत फार झपाट्यानं वाढतो. खांब, पन्हळ, वायपर यांच्यावर हवा फाटून होणाऱ्या आवाजाची शक्ती वेगाच्या जवळजवळ सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. ५० वरून ८० वर गेलात तर हा आवाज साधारण १२ डेसिबलनं वाढतो, आणि कानाला १० डेसिबलची वाढ दुपटीसारखी वाटते. गावात फिरताना जी गाडी शांत वाटते ती घाटाबाहेरच्या सरळ रस्त्यावर एकदम गोंगाट करते, त्याचं कारण हे. रबर एका दिवसात बिघडलेलं नसतं.

कान लावून ऐका

वाऱ्याचे आवाज सगळे एकसारखे नसतात, आणि नीट ऐकलं तर निम्मं निदान तिथेच होतं. एका सुराची तीक्ष्ण शिट्टी असेल तर फट बारीक आहे आणि तिच्या समोर एखादी धार आहे: क्वार्टर ग्लासचं उचकटलेलं रबर, क्रोम पट्टीचं सुटलेलं टोक, काचेच्या चॅनलचा कोपरा. पसरट 'सूऽऽ' असेल तर लांबट फटीतून हवा निसटते आहे, बहुधा दरवाज्याच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात. एकच खिडकी उघडल्यावर कानात धपधप दडे बसत असतील तर तो गळतीचा आवाज नाही, आतली सगळी हवा एका लयीत आत-बाहेर होते आहे. दुसरी खिडकी थोडी उघडली की थांबतो.

आणि एक सगळीकडे भरलेला घोंगावणारा आवाज असतो. तो पन्हळीचा, आरशाचा, छतावरच्या कॅरिअरचा. तो गाडीच्या आकाराचा आवाज आहे, रबर कितीही बदला, जाणार नाही. कॅरिअर काढून बघा, फरक कळेल. उभ्या अँटेनाचाही वेगळा सूर असतो. पाच मिलिमीटर जाडीच्या दांडीमागे हवेचे भोवरे आलटून पालटून सुटतात आणि ८० च्या वेगाला साधारण ९०० हर्ट्झचा स्वर देतात. दांडीवर बारीक वायर नागमोडी गुंडाळली की भोवऱ्यांची लय मोडते आणि सूर बंद होतो. कित्येक लोक हा सूर दरवाज्यात शोधत राहतात.

टेपची परीक्षा

वाऱ्याची जागा शोधायला माझ्या मते एकच परीक्षा निर्विवाद आहे, आणि ती स्वस्तही आहे. पेंटर वापरतात ती कागदी मास्किंग टेप आणा. डाव्या बाजूच्या दोन्ही दरवाज्यांच्या सगळ्या फटी बाहेरून टेपनं बंद करा: दरवाज्याभोवतीची फट, काच आणि चौकट यांच्यामधली जागा, काचेखालची पट्टी, क्वार्टर ग्लासची पूर्ण कड, पुढच्या काचेच्या रबराची बाहेरची रेघ. उजवीकडेही तेच करा. चालकाच्या दरवाज्याची फट मात्र आत बसल्यावर मदतनिसाला बाहेरून बंद करायला सांगा आणि पुढच्या सीटवरच्या सोबत्याच्या दरवाज्याभोवतीची फट तेवढी मोकळी ठेवा, म्हणजे तो उघडता येईल. कोंडून घेऊन गाडी चालवायची नाही.

आता रोजच्या रस्त्यावर रोजच्या वेगानं एक फेरी मारा. जेवढा आवाज कमी झाला तेवढा गळतीचा होता. जो उरला तो आकाराचा, त्याच्याशी झगडू नका. मग एकेका जागेची टेप काढून पुन्हा तोच रस्ता, तोच वेग. ज्या टेपनंतर आवाज परत आला ती तुमची जागा. वारा सुटलेला नसावा, खिडक्या पूर्ण बंद असाव्यात, आणि ऐकण्याचं काम शेजारी बसलेल्यानं करावं. चालकानं रस्त्याकडे बघावं. शेजारच्यानं रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं फटीच्या कडेनं फिरवलं तर जागा बोटभर अंतरापर्यंत कळते. टेप मात्र उन्हात तशीच सोडू नका, जुना रंग तिच्यासोबत निघतो.

बहुतेक पद्मिनींत ही परीक्षा क्वार्टर ग्लासकडे बोट दाखवते. ती त्रिकोणी काच नेमकी अशा जागी आहे जिथे बाहेरचं शोषण सगळ्यात जास्त. तिचं रबर एका बाजूला बाहेरून आणि दुसऱ्या बाजूला आतून टेकतं, मधे वर एक आणि खाली एक असे फिरण्याचे दोन खिळे. तिची कडी झिजली की काच 'बंद' होते पण आत ओढली जात नाही. अंगठ्यानं काच आत दाबून धरा. शिट्टी थांबली तर रबर बदलण्याआधी कडी बघा. कडीच्या खाली पातळ वॉशर देऊन तिची पकड वाढवली की पुष्कळदा काम होतं. खालच्या खिळ्याची स्प्रिंग सैल पडली असेल तर काच हवेनं आपोआप फिरते, ती कसून घ्यावी लागते. रबरच फाटलं असेल तर मात्र साच्यातलं, नेमक्या आकाराचंच रबर हवं. मीटरवर मिळणारी पट्टी कापून, वाकवून तिथे बसत नाही. कोपऱ्यात सुरकुती पडते आणि सुरकुतीतून शिट्टी वाजते.

दरवाजा आधी सरळ करा

हा भाग लोक सगळ्यात जास्त टाळतात, आणि नव्या रबराचे पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात.

दरवाजा अर्धा उघडा, हँडलच्या बाजूनं खालून धरून वर उचला. बिजागरीत खटका जाणवला, दरवाजा गाडीपासून वेगळा हलला, तर पिना आणि बुश झिजले आहेत. टॅक्सी म्हणून आयुष्य काढलेल्या गाडीत फुटपाथच्या बाजूचा, म्हणजे डावा मागचा दरवाजा आधी तपासा. उतारूंची सगळी ये-जा त्यातूनच झालेली असते. झिजलेल्या पिनांमुळे दरवाज्याचं कुलपाकडचं टोक खाली झुकतं. वरच्या कोपऱ्यात फट रुंद होते, खालच्या कोपऱ्यात रबर चिरडतं. यावर जाड रबर लावलं तर खाली ते दरवाजा लागूच देत नाही आणि वर तरीही पोहोचत नाही. आधी पिना, बुश. मग खांबावरची कुलपाची पट्टी, जिला मेकॅनिक स्ट्रायकर म्हणतात, ती थोडी आत-बाहेर सरकवून दरवाज्याचा पत्रा शेजारच्या पत्र्याच्या समपातळीत आणायचा. स्ट्रायकरनं दरवाजा उचलून घ्यायचा प्रयत्न करू नये. उचलण्याचं काम बिजागरीचं.

यानंतरही वरची चौकट बाहेर झुकलेली दिसली तर ती वाकवून आत आणता येते. काच पूर्ण खाली घेऊन, कुलपाजवळ कापडात गुंडाळलेला लाकडी ठोकळा दरवाजा आणि खांब यांच्यामध्ये धरून, चौकटीचा वरचा कोपरा हातानं आत दाबायचा. थोडं दाबा, ठोकळा काढा, लावून बघा, पुन्हा थोडं. चांगला डेंटर हे काम डोळ्यांदेखत करतो. अनोळखी हाताकडे मात्र देऊ नका, चौकट एकदा मुरडली की काच तिच्या चॅनलमध्ये अडकते.

आता फट मोजायची. पुस्तकातल्या पानाच्या जाडीची कागदी पट्टी दरवाज्यात धरून दरवाजा लावा आणि ओढा. चौकटीभर दर दहा सेंटीमीटरला हे करा. पट्टी सगळीकडे सारख्या ताकदीनं ओढावी लागली पाहिजे. जिथे सहज सुटली तिथे खडूची खूण. जुनं रबर काढल्यावर मुलांच्या खेळण्यातली क्ले पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून चार-सहा ठिकाणी ठेवा, दरवाजा लावा, उघडा आणि चपटी झालेली क्ले मोजा. ही तुमची खरी फट. पोकळ किंवा स्पंजचं रबर साधारण एक तृतीयांश दबलं की नीट काम करतं. म्हणजे फट आठ मिलिमीटर असेल तर बारा मिलिमीटरचं रबर. फट एका कोपऱ्यात पाच आणि दुसऱ्या कोपऱ्यात अकरा निघाली, तर दुकानात जाऊ नका, बिजागरीकडे परत जा.

पाण्याचा रस्ता वेगळा

दरवाज्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हा, की दरवाज्याच्या आत पाणी जाता कामा नये. पाणी जातंच, आणि ते जाणार हे धरूनच दरवाजा बनवलेला असतो. पावसाचं पाणी काचेवरून ओघळतं, काचेखालच्या पट्टीपाशी बरंचसं अडतं, पण थोडं पट्टीच्या आत उतरतं. दरवाज्याच्या पोकळीतून ते तळाशी जातं आणि तळाच्या कडेला असलेल्या भोकांतून बाहेर पडतं. जुन्या गाडीत ही भोकं चिखलानं, गंजाच्या पापुद्र्यांनी, आणि बरेचदा गंज रोखायला खालून मारलेल्या जाड अंडरकोटिंगनं बुजलेली असतात. मग दरवाजा पाण्यानं भरतो. दरवाजा हलवल्यावर आत डुचमळल्याचा आवाज आला की समजावं. एक वाकवलेली जाड तार घेऊन ती भोकं मोकळी करणं हे पावसाळ्याआधीचं पहिलं काम, आणि त्याला पैसाही लागत नाही.

दुसरी गोष्ट दिसत नाही. दरवाज्याच्या आतल्या पॅनेलमागे, पत्र्यावर, पाणी आत येऊ नये म्हणून एक पडदा असतो. पूर्वी डांबरी कागदाचा, आता प्लास्टिकचा. आतल्या पत्र्याला काच फिरवण्याच्या यंत्रणेसाठी मोठी भोकं असतात, तीच हा पडदा झाकतो. एकदा कोणी कुलूप किंवा काचेची यंत्रणा दुरुस्त करायला पॅनेल उघडलं की पडदा फाडला जातो आणि परत लावला जात नाही. मग पोकळीतलं पाणी पॅनेलच्या पुठ्ठ्यावर येतं, पुठ्ठा फुगतो, आणि पाणी रबराच्या आतल्या बाजूनं थेट कार्पेटवर उतरतं. अशा गाडीचं दरवाज्याचं रबर जगातलं उत्तम असलं तरी कार्पेट ओलंच राहणार. पॅनेलच्या खालच्या कडेला पाण्याचे डाग किंवा फुगवटा असेल तर पॅनेल काढा, जाड पॉलिथिनचा तुकडा कापा आणि न सुकणाऱ्या ब्युटाइलच्या चिकट दोरीनं पत्र्यावर लावा. खालचं टोक पोकळीच्या आत खोचलेलं असावं, म्हणजे पडद्यावर आलेलं पाणी परत दरवाज्यातच पडेल. टोक बाहेर ठेवलं तर सगळी मेहनत उलटते.

आणि पाणी मुळात दरवाज्यातून येतच नसेल, ही शक्यता फार मोठी आहे. पुढच्या काचेच्या रबराखालून शिरलेलं पाणी डॅशबोर्डमागून खांबाच्या आतून उतरतं आणि पायाशी, अगदी दरवाज्याच्या बाजूला बाहेर पडतं. वायपरच्या दांड्यांची रबरं, केबल जिथून आत येतात तिथल्या रबरी कड्या म्हणजे ग्रोमेट, पन्हळीच्या सांध्यातलं भेगाळलेलं सीलंट, सगळ्यांचं पाणी शेवटी त्याच खोलगट जागी जमतं.

म्हणून पाण्याची परीक्षा खालून वर करायची. कार्पेट आणि त्याखालचा नमदा काढा, पत्रा कोरडा करून त्यावर खडू किंवा टाल्कम पावडर पसरा, म्हणजे पाण्याची रेघ उठून दिसेल. एकजण टॉर्च घेऊन आत. बाहेरच्यानं तोटी न लावता, मंद धारेनं, आधी दरवाज्याच्या खालच्या कडेवर पाणी सोडायचं. काही मिनिटं थांबायचं. मग कुलपाची उंची, मग काचेची पट्टी, मग क्वार्टर ग्लास, मग वरची चौकट, आणि शेवटी पुढची काच व पन्हळ. वरून सुरुवात केली तर पाणी खालच्या सगळ्या जागांवरून वाहतं आणि कुठून शिरलं हे कधीच कळत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप तर मुळीच नको. तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो आणि खोटी गळती दाखवतो.

रबर निवडताना आणि बसवताना

एवढं झाल्यावर रबराची पाळी. पूर्वीची रबरं बहुधा नैसर्गिक रबराची असत. हवेतला ओझोन आणि ऊन त्यांना आडव्या भेगा पाडतात. आज ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर मागावं. ऊन, पाऊस, ओझोन ते फार चांगलं सोसतं. त्याचा एक शत्रू म्हणजे तेल. पेट्रोल, डिझेल, ग्रीस लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं, म्हणून चमक आणायला त्यावर तेलकट पॉलिश चोळू नये. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात चालतो.

मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर, कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्यात नाना पेठ, कुठेही गेलात तरी जुन्या रबराचा हातभर तुकडा आणि मोजलेल्या फटीचा कागद सोबत न्या. 'पद्मिनीचं रबर द्या' एवढं सांगून जे मिळतं त्याची जाडी आणि कडकपणा दुकानागणिक बदलतो. तुकडा चिमटीत दाबून बघा. घट्ट, जड रबर टिकाऊ वाटतं आणि मोह होतो, पण दरवाज्याला मऊ स्पंजचंच हवं. कडक रबर दरवाजा बाहेर ढकलून धरतं, म्हणजे तुम्ही सरळ केलेला दरवाजा पुन्हा वाकडा.

बसवण्याआधी जुन्या गोंदाचा कण न कण काढावा लागतो. टर्पेंटाइननं भिजवून प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. थिनर रंगाला खातं, तेव्हा आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. खाली गंज दिसला तर आता थांबा, घासून प्रायमर लावा आणि पूर्ण वाळू द्या. गंजावर चिकटवलेलं रबर गंजासकट सुटून येतं.

आधी गोंद न लावता पूर्ण रबर जागेवर धरून बघा. सांधा नेहमी दरवाज्याच्या खालच्या कडेला यावा, वरच्या कोपऱ्यात कधीच नको. आणि बसवताना रबर ताणायचं नाही. ही एक चूक जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये दिसते. ताणून बसवलेलं रबर काही आठवड्यांत आखडून मूळ लांबीवर येतं. कोपऱ्यात आतल्या बाजूला ओढलं जातं आणि सांध्यात फट पडते. उलट ते किंचित दाबत, पुढे ढकलत बसवा, कोपऱ्यात थोडं सैल सोडा, आणि शेवटी पाच-सात मिलिमीटर जास्त ठेवून कापा, म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून बसतील. पोकळ रबराला मधेमधे बारीक भोकं असतील तर ती गोंदानं बुजवू नका. दरवाजा लागताना आतली हवा तिथूनच बाहेर जाते. भोकं बंद झाली की रबर फुग्यासारखं कडक होतं.

सिलिकॉनबद्दल माझं मत ठाम आहे: जुन्या गाडीच्या पत्र्याजवळ ते येऊच देऊ नका. बाथरूमसाठी मिळणारं व्हिनेगरसारखा वास असलेलं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. वर ते एकदा लागलं की त्या जागी रंग धरत नाही, पुढच्या पेंटरला ते शाप देतं. पुढच्या काचेच्या रबरातून पाणी येत असेल आणि रबर अजून मऊ असेल, तर रबराची कड हळूच उचलून आत न सुकणारं काळं मॅस्टिक, म्हणजे चिकट लगदा, भरतात. ते वर्षांनंतरही निघतं, रबर बदलताना त्रास होत नाही.

डिकीचं रबर विसरू नका

दरवाज्यांच्या नादात डिकीकडे कोणी बघत नाही, आणि खरा धोका तिथे आहे. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, तिथे भोवरे फिरतात आणि सायलेन्सरचा धूर त्यात रेंगाळतो. डिकीचं रबर फाटलेलं असेल आणि पुढची खिडकी थोडी उघडी असेल तर तो धूर डिकीतून, मागच्या सीटच्या पाठीमागच्या फटीतून आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लांबच्या प्रवासात मागे बसलेल्या मुलांचं डोकं दुखतं, मळमळतं, आणि आपण घाटाला दोष देतो. खिडक्या बंद असताना धुराचा वास जरी आला तरी सायलेन्सरचे सांधे, डिकीचं रबर आणि फ्लोअरवरची भोकं त्याच दिवशी तपासा. आवाजासाठी नाही तपासलं तरी चालेल, यासाठी तपासलंच पाहिजे.

ओला झालेला नमदा वरून कोरडा वाटला तरी आतून महिनाभर ओला राहतो. तो काढून उन्हात टाकल्याशिवाय फ्लोअरचा पत्रा वाचत नाही. दरवाज्याखालच्या पेटीची भोकंही त्याच तारेनं मोकळी करून घ्या, त्या पेटीवर सगळी गाडी उभी आहे.

नवं रबर बसल्यावर दरवाजा थोडा जड लागणार. ते अपेक्षितच आहे. आतली कोंडलेली हवाही दरवाज्याला मागे रेटते, तेव्हा लावताना एखादी काच बोटभर खाली ठेवा, आपटू नका. रात्री दरवाजे पूर्ण लावून गाडी उभी करा, म्हणजे रबर जागेवर बसत जाईल. दोन-तीन आठवड्यांनी कागदाची पट्टी पुन्हा चौकटीभर फिरवा आणि लागलाच तर स्ट्रायकर जरासा आत घ्या. टेप लावून एक शेवटची फेरी तेव्हाच मारावी, त्याआधी नाही.